विक्रेता भारतात परतण्याआधी: जपानमध्ये वापरलेली गाडी नावावर करून घेण्याचे एक प्रकरण

टोकियो-योकोहामा पट्ट्यातल्या मराठी कुटुंबांत गाडी बरेचदा ओळखीतूनच हात बदलते. एकाचा करार संपतो आणि तो पुण्याला परतायला निघतो. दुसऱ्याच्या घरी लहान मूल असते आणि त्याला गाडी हवी असते. भाव चहा संपायच्या आत ठरतो. घोळ होतो तो त्यानंतर, आणि तो जवळजवळ नेहमी विकणाऱ्याच्या कागदांत असतो, गाडीत नव्हे.

खालचे प्रकरण प्रातिनिधिक आहे. माणसे कल्पित, पण अडचणी नेहमीच्या. नियम आणि रकमा २०२५ सालच्या.

गाडी २०१७ च्या मार्चमध्ये प्रथम नोंदलेली होंडा फिट, म्हणजे भारतात जॅझ म्हणून विकली गेलेली, १,३०० सीसी, पेट्रोल. विकणारा टोकियोच्या कोतो वॉर्डात राहणारा अभियंता, ३१ ऑक्टोबर २०२५ ला कायमचा भारतात परतणार. घेणारा योकोहामात, कंपनीने भाड्याने घेतलेल्या घरात. किंमत ४,२०,००० येन. बोलणी शनिवारी, ४ ऑक्टोबरला पक्की झाली. हातात चार आठवडे होते आणि दोघांनाही ते भरपूर वाटत होते.

आधी कागद वाचा, मग बॉनेट उघडा

भारतातल्या आरसीच्या जागी जपानमध्ये शाकेनशो असते. जानेवारी २०२३ पासून साध्या गाड्यांना ते चिप बसवलेल्या छोट्या कागदाच्या रूपात मिळते. या नव्या कागदावर मालकाचे नाव-पत्ता आणि तपासणीची मुदत छापलेली नसते. ती माहिती चिपमध्ये असते. पाहायची तर सरकारी ॲपने चिप वाचावी लागते किंवा शाकेनशोबरोबर मिळणारे 'किरोकु जिको' हे नोंदींचे पान मागावे लागते. नुसता शाकेनशोचा फोटो व्हॉट्सॲपवर आला म्हणून समाधान मानू नये.

त्या पानावर दोन रकाने नीट पाहायचे. मालक म्हणजे 'शोयूशा' आणि वापरणारा म्हणजे 'शियोशा'. कर्जावर घेतलेल्या गाडीत मालक म्हणून डीलर किंवा वित्तसंस्था नोंदलेली राहते, आणि कर्ज फिटले तरी ती नोंद आपोआप निघत नाही. तशी नोंद असेल तर त्या संस्थेकडून मालकी सोडल्याचे कागद येईपर्यंत व्यवहार पुढे सरकत नाही. या प्रकरणात मालक विक्रेता स्वतःच होता. पण पत्ता एदोगावा वॉर्डातला होता, म्हणजे २०२१ साली त्याने गाडी घेतली तेव्हाचा. पुढे तो चिबातल्या इचिकावा शहरात गेला आणि मग कोतो वॉर्डात आला. दोन्ही वेळा गाडीचा पत्ता १५ दिवसांत बदलायला हवा होता; तो बदलला नव्हता. असे अनेकांचे असते आणि एरवी कोणी विचारतही नाही. विकताना मात्र विचारतात.

जपानमध्ये अशा कागदांवर सहीऐवजी नोंदवलेला शिक्का लागतो. विक्रेत्याच्या शिक्क्याचा दाखला कोतोचा, गाडीची नोंद एदोगावाची. परिवहन कार्यालयाला मग तो दोन्हीकडचा माणूस एकच आहे याची साखळी कागदावर हवी असते. जपानी नागरिक अशा वेळी कोसेकीला, म्हणजे कुटुंबनोंदीला, जोडलेला पत्त्यांचा इतिहास काढतो. एका कागदात सगळे मुक्काम येतात. परदेशी माणसाला कोसेकीच नसते. त्याला प्रत्येक ठिकाणची रहिवासी नोंद वेगळी जोडावी लागते. कोतोच्या रहिवासी दाखल्यावर, म्हणजे जुमिन्ह्योवर, त्याच्या लगेच आधीचा पत्ता इचिकावा असा आला. इचिकावाकडून तिथली बंद झालेली नोंद, 'जोह्यो', मागवली की त्यावर त्याआधीचा पत्ता एदोगावा असा येतो. तेव्हा कुठे साखळी पुरी होते.

जोह्यो टपालाने मागवता येते: अर्ज, रहिवासी कार्डाची प्रत, शुल्काची टपाल मनीऑर्डर आणि स्वतःचा पत्ता लिहिलेले तिकीट लावलेले पाकीट. जाऊन-येऊन आठवडा ते दहा दिवस धरावेत. विक्रेता मुंबईत उतरल्यावर हेच करायला बसला तर परतीचे पाकीट कोणत्या पत्त्यावर घ्यायचे इथपासून सुरुवात होते.

शिक्का कधी मरतो

या प्रकरणाचा कणा हाच आहे. साध्या गाडीच्या, म्हणजे ६६० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या गाडीच्या, नाव-बदलाला विक्रेत्याचा नोंदणीकृत शिक्का, जित्सुइन, आणि त्याचा तीन महिन्यांच्या आतला दाखला, इन्कान शोमेइशो, लागतो. देश सोडताना वॉर्ड कार्यालयात स्थलांतराची नोंद करावी लागते. त्या नोंदीत दिलेल्या तारखेला शिक्क्याची नोंदणी आपोआप रद्द होते. त्यानंतर नवा दाखला निघत नाही. आधी काढलेला दाखला संपला, हरवला किंवा एखादा कागद चुकला, तर वाट उरते ती भारतात प्रमाणित करून घेतलेल्या सहीची, तिच्या जपानी भाषांतराची आणि पत्त्यांच्या त्याच साखळीची. त्यात आठवडे जातात, आणि तोवर गाडी दुसऱ्या देशात राहणाऱ्या माणसाच्या नावावर योकोहामात उभी असते.

भारतात फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून देऊन मोकळे होण्याची सवय असते, ती इथे नडते. म्हणून वेळापत्रक विमानाच्या तारखेपासून उलटे मांडावे. इथे ३१ ऑक्टोबर ही शिक्क्याची शेवटची तारीख. नाव-बदल निदान एक आठवडा आधी, म्हणजे २३ तारखेला ठेवला. चूक निघालीच तर विक्रेता शिक्क्यासह अजून टोकियोत असेल, एवढाच त्यामागचा हिशेब. त्यात १३ ऑक्टोबरचा सोमवार सुट्टीचा होता, हेही आधी पाहावे लागते. ही सगळी कार्यालये कामाच्या दिवशीच चालतात.

विक्रेत्याने ६ तारखेला वॉर्ड कार्यालयातून शिक्क्याचे दोन दाखले काढले. एक पुरतो, पण दुसऱ्याला साधारण ३०० येनच पडतात. त्याच दिवशी इचिकावाला टपाल गेले.

त्याने भरायचे कागद दोन. पहिला 'जोतो शोमेइशो', हस्तांतराचे प्रमाणपत्र. दुसरा 'इनिन्जो', मुखत्यारपत्र. दोन्हींवर जित्सुइन. इथे मराठी नावांचा एक खास घोटाळा होतो. पारपत्रात 'दिलेले नाव' या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे अशी दोन्ही नावे असतात, आणि रहिवासी कार्डावर आडनाव, नाव, वडिलांचे नाव असे सगळे रोमन लिपीत उतरते. ऑफिसात, बँकेत, दाराच्या पाटीवर माणूस नाव-आडनाव एवढेच वापरतो आणि सवयीने जोतो शोमेइशोवरही तेवढेच लिहितो. खिडकीवर ते चालत नाही. शिक्क्याच्या दाखल्यावर जे आहे तेच, त्याच क्रमाने, वडिलांच्या नावासकट लिहायचे. पत्त्यातला इमारतीचा आणि खोलीचा भागही दाखल्यावर असेल तसाच.

गाडीचा चॅसी क्रमांक शाकेनशोवरून अक्षर-अक्षर उतरवायचा. एखादा अंक चुकला तर तो छाटून वर शिक्का मारावा लागतो, आणि तो शिक्का विक्रेत्याचाच हवा. यासाठी कागदाच्या वरच्या समासात आधीच एक जादा शिक्का घेऊन ठेवतात, त्याला 'सुतेइन' म्हणतात. किरकोळ दुरुस्ती मग त्याच्या आधारे होते. सुतेइन म्हणजे थोडासा कोरा धनादेशच. ओळखीत द्यावा, अनोळखी माणसाला देण्याआधी विचार करावा. आणि खुद्द शिक्का व त्याच्या नोंदणीचे कार्ड 'तू ठेव, काही लागले तर मार' असे सांगून घेणाऱ्याकडे कधीही सोडू नये, मैत्री कितीही असो.

घेणाऱ्याची बाजू: शिक्का आणि पार्किंग

घेणाऱ्यालाही जित्सुइन लागतो. नवीन आलेल्याकडे तो नसतोच. आडनाव काताकानात, म्हणजे परकी नावे लिहायच्या जपानी लिपीत, कोरलेला शिक्का दोन-तीन हजार येनला मिळतो. बाजू ८ मिलिमीटरपेक्षा मोठी आणि २५ मिलिमीटरपेक्षा छोटी हवी, आणि रबराचा, शाई आत भरलेला शिक्का नोंदला जात नाही. शिक्क्यावरचे नाव रहिवासी नोंदीशी जुळायला हवे. नोंद रोमन लिपीत आणि शिक्का काताकानात असेल, तर आधी वॉर्ड कार्यालयात नावाचे काताकाना रूप नोंदवून घ्यायचे. त्याच फेरीत होते. रहिवासी कार्ड दाखवले की शिक्क्याची नोंदणी आणि दाखला एकाच दिवशी हातात पडतात. ७ तारखेला हे उरकले.

पार्किंगच्या दाखल्याला, शाको शोमेइशोला, खरा वेळ जातो. साधी गाडी नावावर करायची तर ती उभी करायची जागा आहे हे पोलीस ठाण्याने मान्य केलेले असावे लागते. जागा घरापासून सरळ रेषेत २ किलोमीटरच्या आत हवी आणि गाडी तिच्यात पूर्ण मावायला हवी. अर्जात गाडीची लांबी, रुंदी, उंची आणि चॅसी क्रमांक लिहावा लागतो, म्हणून विक्रेत्याकडून शाकेनशोची प्रत पहिल्याच दिवशी घ्यायची. सोबत दोन नकाशे: घर आणि जागा कुठे आहेत याचा एक, आणि जागेची मापे, समोरच्या रस्त्याची रुंदी दाखवणारा दुसरा. नकाशा हाताने काढला तरी चालतो. मापे मात्र टेप लावून घ्या.

जागा भाड्याची असेल तर तिच्या मालकाचे किंवा व्यवस्थापन कंपनीचे संमतिपत्र लागते. या पत्राला व्यवस्थापन कंपन्या काही हजार येन घेतात आणि दिवसही घेतात. आयटीतल्या बऱ्याच लोकांचे घर कंपनीच्या नावावर असते, आणि घराबरोबरच पार्किंगचा करारही कंपनीच्या नावाने होतो. मग पत्रात जागा वापरणारा म्हणून कंपनीचे नाव पडते, गाडी मात्र कर्मचाऱ्याच्या नावावर व्हायची असते, आणि पोलीस ठाणे कागद परत करते. इथे हे आधीच लक्षात आल्याने घेणाऱ्याने मनुष्यबळ विभागाकडून व्यवस्थापन कंपनीला ईमेल पाठवायला लावला आणि पत्रात वापरणारा म्हणून स्वतःचे नाव घालून घेतले. पत्र १४ तारखेला आले. ज्यांना ही वाट लांबची वाटते ते जवळच महिन्याच्या भाड्याची जागा स्वतःच्या नावाने घेतात. खर्च वाढतो, कटकट कमी होते.

जागा यांत्रिक, म्हणजे गाड्या एकावर एक चढवणारी असेल तर उंची पाहिल्याशिवाय गाडी पसंत करू नये. अशा अनेक जागांची मर्यादा १,५५० मिलिमीटर असते. ही फिट १,५२५ मिलिमीटर उंच आहे, म्हणजे बसते; टपावर कॅरिअर लावला की बसत नाही. त्याच जागेवर आधीच्या भाडेकरूची गाडी नोंदलेली राहिली असेल तर त्यावरूनही अर्ज अडतो.

अर्ज १५ तारखेला ठाण्यात दिला, शुल्क दोन हजार येनच्या आसपास, आणि दाखला २१ ला मिळाला. पूर्वी याबरोबर मागच्या काचेवर लावायचा स्टिकर मिळायचा. १ एप्रिल २०२५ पासून तो बंद झाला आहे. जुन्या माहितीपत्रकांवर विसंबून कोणी स्टिकर मागत बसू नये. दाखला महिनाभरच ताजा मानला जातो, म्हणून तो फार आधी काढण्यातही अर्थ नाही.

ही सगळी धावपळ नको असेल तर केई गाडी, म्हणजे पिवळ्या नंबर-पाटीची छोटी गाडी, घ्यावी. इंजिन ६६० सीसीपर्यंत, लांबी ३.४० मीटर आणि रुंदी १.४८ मीटरच्या आत. तिच्या नाव-बदलाला जित्सुइन लागत नाही, रहिवासी दाखला पुरतो; पार्किंगची खबर नंतर दिली तरी चालते, तीही ठरावीक शहरांतच. मागच्या पाटीला सील नसल्याने गाडी कार्यालयात न्यावी लागत नाही, पाट्या काढून नेल्या तरी भागते. विक्रेता पुढच्या आठवड्यात उडणार असेल तर केई हाच शहाणपणाचा सौदा.

पैशाचा हिशेब

किमतीशिवाय तीन गोष्टी आधी बोलून घ्यायच्या असतात. वार्षिक वाहनकर १ एप्रिलला जो मालक असेल त्याला येतो आणि मधेच नाव बदलले तरी सरकार त्याची वाटणी करून देत नाही. या गाडीचा कर, ऑक्टोबर २०१९ आधीची नोंदणी आणि १,००० ते १,५०० सीसी या गटात, ३४,५०० येन. नोव्हेंबर ते मार्च हे पाच महिने घेणाऱ्याचे धरले तर १४,३७५ येन त्याने विक्रेत्याला द्यायचे. हा आपसातला रिवाज आहे, कायदा नव्हे. न बोलता सोडला तर नंतर मने दुखतात. दुसरे, भंगाराची आगाऊ ठेव, जी गाडीबरोबर जाते आणि नवा मालक ती जुन्याला भरून देतो. छोट्या गाडीला दहा हजार येनच्या आसपास. तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी: शाकेन, म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी.

पहिली तपासणी तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. मार्च २०१७ ची गाडी म्हणजे पुढची मुदत मार्च २०२६. भाव ठरवताना दोघांनीही 'शाकेन आहे' एवढेच म्हटले होते, पण उरले होते पाच महिने. येणाऱ्या तपासणीत सक्तीचा विमा, जिबाइसेकी, २४ महिन्यांचा १७,६५० येन. वजनकर एरवी एक टनापर्यंत १६,४०० आणि त्यापुढे दीड टनापर्यंत २४,६००. वर तपासणीचे शुल्क आणि गॅरेजची मजुरी, टायर, ब्रेकचे काम. या मुद्द्यावर किंमत मूळच्या ४,५०,००० वरून ४,२०,००० वर आली, आणि ते रास्तच होते. टायरच्या बाजूवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. इथे २०१८ चे टायर होते, म्हणजे मार्चमध्ये तेही बदलायचेच.

गाडी घेताना भरायचा पर्यावरण-कर २०२५ साली वेगळा होता, पण करपात्र मूल्य ५,००,००० येनपर्यंत असेल तर तो लागत नव्हता. अर्ज मात्र भरावाच लागे.

पैसे देताना निम्मे कागद हातात पडल्यावर आणि निम्मे नाव बदलल्यावर असे ठरले. जपानी बँकांत एका दिवसात किती रक्कम पाठवता येते याला मर्यादा असते. ती आदल्या दिवशी वाढवून घ्यावी. एक पानी करार पुरतो: किलोमीटर, माहीत असलेले दोष, कराची वाटणी, आणि ताबा कोणत्या तारखेला किती वाजता दिला. वेळ लिहायची कारण त्या दिवशी कुठे नो-पार्किंगची चिठ्ठी लागली तर ती कोणाची यावर वाद नको.

२३ ऑक्टोबर

नवा पत्ता योकोहामाचा, म्हणून काम त्सुझुकी वॉर्डातल्या कानागावा परिवहन शाखेत. खिडक्या सकाळी ८:४५ ते ११:४५ आणि दुपारी १ ते ४. मार्चअखेरीस इथे रांगा रस्त्यापर्यंत येतात. ऑक्टोबरच्या गुरुवारी सकाळी दोन तासांत काम होते. एदोगावाच्या नोंदीमुळे असलेली 'अदाची'ची पाटी जाऊन 'योकोहामा'ची लागणार असल्याने गाडी तिथे न्यावीच लागते, कारण मागच्या पाटीच्या डाव्या बोल्टवर सरकारी सील बसवतात.

विक्रेता स्वतः गाडी चालवत आला. हे मुद्दाम केले, कारण त्याचा ऐच्छिक विमा त्या दिवसापर्यंत चालू होता. घेणाऱ्याचा त्याच दिवसापासून सुरू होणारा विमा आधीच काढलेला होता. विम्यात श्रेणी असतात, अपघाताविना वर्षे गेली की श्रेणी चढते आणि हप्ता उतरतो; नव्या माणसाला सहाव्या श्रेणीपासून सुरुवात करावी लागते, त्यामुळे पहिल्या वर्षाचा हप्ता जड वाटतो. जिबाइसेकी गाडीबरोबर येतो, पण त्यावरचे नाव विमा कंपनीकडून बदलून घ्यायचे, आणि त्याचे प्रमाणपत्र गाडीतच ठेवायचे.

नाव-बदलाचे शुल्क ५०० येन, त्याची तिकिटे शुल्कपत्रावर चिकटवायची. अर्ज पेन्सिलीने आणि पेनने, रकान्याप्रमाणे; नमुना टेबलावर लावलेला असतो. खिडकीवर साखळीचे तीन कागद एकाखाली एक ठेवून दिले: एदोगावाच्या नोंदीचे शाकेनशो, इचिकावाची जोह्यो, कोतोचा जुमिन्ह्यो. कारकुनाने बोटाने पत्ते जुळवले आणि पुढे पाठवले. एकच गोष्ट परत आली: जोतो शोमेइशोवर विक्रेत्याच्या खोलीचा क्रमांक राहिला होता. सुतेइन होतेच, जागेवर भरला. नवे शाकेनशो आले की त्यातला चॅसी क्रमांक आणि नावाचे स्पेलिंग खिडकी सोडण्याआधी तपासायचे.

नंतर शेजारच्या इमारतीत कराचा अर्ज, मग जुन्या पाट्या काढणे. स्क्रू-ड्रायव्हर तिथे मिळतो, पण आठ वर्षे न हललेले बोल्ट गंजलेले असतात. १० मिलिमीटरचा पाना आणि गंज सोडवणारा स्प्रे सोबत असलेला बरा. नव्या पाट्यांना दोन हजार येनच्या आतबाहेर. कर्मचारी चॅसी क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर पाहतो आणि मगच सील दाबतो.

नाव-बदलाला ताब्यापासून १५ दिवसांची मुदत असते. वाहनचालक परवाना या सगळ्यात कुठेही मागितला जात नाही, आणि त्यामुळेच काही जण फसतात: गाडी नावावर होते, पण भारतातून आणलेला आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये आल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. भारतात धावती फेरी मारून नवा आणला तरी तीन महिन्यांच्या आत परतलेल्या रहिवाशाचे वर्ष नव्याने सुरू होत नाही.

उरलेली दोन कामे. पाटी बदलल्यामुळे टोलचे ईटीसी यंत्र पुन्हा नोंदवून घ्यावे लागते, साधारण तीन हजार येन. आणि विक्रेत्याने जाण्याआधी नव्या शाकेनशोची प्रत जोडून विमा कंपनीकडून श्रेणी गोठवल्याचे प्रमाणपत्र घेतले. सातव्या किंवा त्यावरच्या श्रेणीला ते मिळते, आणि दहा वर्षांच्या आत पुन्हा जपानला बदली झाली तर त्याच श्रेणीवरून विमा सुरू करता येतो.